भिंतीवरच्या अक्षराची चौकशी

३ फेब्रुवारी
सकाळी दुधाला निघालो तर मोंढ्यातल्या धान्यबाजाराच्या भिंतीपुढं ही गर्दी. मंत्रीसाहेब आज लोह्यात येणार म्हणून कालच तिला चुना मारलेला. त्या कोऱ्या भिंतीवर काळी, हातभर उंच अक्षरं : वसतिगृहाच्या छताचा अहवाल कुठं आहे, साहेब?

एवढंच. शिवी नाही, कुणाचं चिन्ह नाही.

मुलींच्या वसतिगृहाचं छत पडून आमच्या गल्लीतली पोरगी गेली, त्याला दोन पावसाळे झाले. चौकशी बसली. कागद वर गेले ते खाली आलेच नाहीत. छत बांधणारा साहेबांचा मेहुणा.

लोक भिंत वाचायचे अन् वळून माझ्याकडं बघायचे. तालुक्यातल्या निम्म्या भिंती मीच रंगवलेल्या, बघणारच. मी मात्र वेगळंच बघत होतो. वळण माझं होतं आणि मी लिहिलेलं नव्हतं. असं लिहिणारं दुसरं एकच माणूस. माझी लेक वनिता परवा लातूरहून आली होती, आज पहिल्या गाडीनं परत गेली. घरी येऊन बघितलं तर काळ्या रंगाच्या डब्याचं झाकण नीट दाबलेलं नाही.

नगरपंचायतीची माणसं बादल्या घेऊन पळत आली, तोवर गाड्या आल्याच. लोकांनी भिंतीवरचं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मग ढकलाढकली, मग साहेबांच्या गाडीची काच. दगड कुणाचा, देव जाणे.

५ फेब्रु.
गुन्हा दाखल. भिंत खराब केली हे एक. दंगल, चिथावणी आणि कट हे वरून. विशेष पथक नेमलंय म्हणे. छताला दोन वर्षांत पथक मिळालं नाही, भिंतीला दोन दिवसांत.

व. चा फोन नाही. मीही केला नाही.

७ फेब्रु.
इन्स्पेक्टर घरी आले. कोवळा पोरगा, बोलायला गोड. दारात आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं? हिनं मुरमुऱ्याच्या सुशीलाची बशी पुढं केली, चहा ठेवला. खाता खाता मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून म्हणतात कसे, "बाबा, अक्षर काय सुंदर हो! कॉम्प्युटरनं काढल्यासारखं."

मला लागलं ते. फ्लेक्स आल्यापासून हेच ऐकून राहिलोय. म्हणलं, "कॉम्प्युटरला ही वळणं जमत न्हाईत साहेब. ह्या तालुक्यात असं अक्षर एकाच घरात निघतं."

बोललो आणि जीभ चावली. त्यांनी बशी खाली ठेवली, हात धुतले, हिला म्हणाले, "मावशी, पोटभर झालं."

खरंच पोटभर झालं त्यांचं. सत्तरी आली, पण कुणी अक्षराला चांगलं म्हणलं की अजून शेपूट हलते माझी.

९ फेब्रु.
नोटीस. नांदेडला हजर राहायचं, आरोपी म्हणून. माझं नाव टाइप केलेलं, तेही चुकीच्या पत्त्यावर.

आधी शेख वकिलांकडं गेलो. त्यांच्या वडिलांच्या दवाखान्याची पाटी मी रंगवली होती, ती ओळख. सुशीलाची गोष्ट सांगितली तर कपाळावर हात मारला त्यांनी. "पेंटरकाका, पोलिसाला चहा पाजा, जेवू घाला, पण तोंड उघडू नका! घटनेनं हक्क दिलाय तुम्हाला. अनुच्छेद वीस, पोटकलम तीन."

म्हणलं, माहीत आहे. ते जरा दचकलेच. चौथी शिकलेला माणूस, पण कितीतरी शाळांच्या भिंतींवर उद्देशिका रंगवली मी. जे रंगवतो ते समजून घ्यावं म्हणून नांदेडच्या फुटपाथवरून मराठीतली घटना आणली होती. आरोप असलेल्या माणसाला स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. वाचलं तेव्हा वाटलं होतं, किती शहाणी माणसं होती. माणसाला त्याच्याच तोंडानं फासावर चढवायचं नाही.

वकील : "तुम्ही लिहिलं का?"
मी गप्प.
वकील : "शाबास. मलाही सांगू नका. घरात काही लिहून ठेवता का? रोजनिशी वगैरे?"
"न्हाई," म्हणलं.

खोटं बोललो. ह्या वह्या सोडवत नाहीत. पण आजपासून इथं तिचं नाव येणार नाही. 'लातूर' लिहीन.

१३ फेब्रु.
नांदेडला हजर. सहा तास बाकावर. इन्स्पेक्टरांनी आज चहा दिला, मी घेतला नाही.

"बाबा, रंग कुठून आणला?" गप्प.
"कुणी सांगितलं लिहायला?" गप्प.
"भाऊसाहेबांनी ना? नुसतं हो म्हणा. तुम्हाला माफीचा साक्षीदार करतो, घरी जाऊन नातवंडं खेळवा."

आता कळलं. ह्यांना भिंत कुणी रंगवली ह्याचं काही पडलेलं नाही. भाऊसाहेब म्हणजे मागच्या वेळी पडलेले आमदार, साहेबांचे जुने वैरी. त्यांचं नाव माझ्या तोंडून पाहिजे.

मी म्हणलं, "घटनेच्या अनुच्छेद वीस, पोटकलम तीनप्रमाणे मी उत्तर देत नाही."
मागं बसलेला जमादार हसला. "आयला, म्हातारं वकिलीण बाईसारखं बोलतंय."

त्यानंतर दुसरं काही बोललो नाही. आयुष्यभर बडबड्या म्हणून ओळखलं लोकांनी. गप्प बसणं हे शिडीवर उन्हात लटकण्यापेक्षा अवघड काम आहे.

१६ फेब्रु.
भाऊसाहेब स्वतः घरी. दहा माणसं, दोन फोटोवाले. गळ्यात हार घातला. "पेंटरबाबांनी प्राण दिला असता, पण तोंड उघडलं नसतं!" कशाबद्दल, ते त्यांनाही माहीत नाही. माझ्या गप्प बसण्यानं लोकांना वाटणार की ह्यांनीच लिहून घेतलं, आणि ह्यांना ते पाहिजेच आहे. फुकटात धाडस पदरात पडलं.

मी म्हणलं, "भाऊसाहेब, त्या पोरीच्या आईकडं जाऊन या. चार घरं सोडून राहती."
"जाऊ ना, जाऊ." गाडीत बसून गेले.

१८ फेब्रु.
बसस्टँडवर माझा फ्लेक्स लागला. भाऊसाहेब मोठे, मी कोपऱ्यात. खाली 'मौनाचा योद्धा'. ज्या फ्लेक्सनं माझं दुकान बंद केलं त्याच्यावर माझंच थोबाड. अक्षरं तर अशी ठेंगणी, पाय मोडल्यासारखी. तिकडून जायचं बंद केलं.

२१ फेब्रु.
वकिलांनी आज एक सांगितलं. छताच्या चौकशीत साहेबांच्या मेहुण्याला बोलावलं होतं. त्यानं मोठा वकील आणला आणि एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. वीस-तीन. अहवाल अडला त्याचं एक कारण तेही.

म्हणजे मी ज्या छत्रीखाली उभा आहे तिच्याखाली तोही उभा आहे. खांद्याला खांदा लावून. वकील म्हणतात, "हक्क सगळ्यांना सारखा असतो, काका." खरं आहे. पटतंही. तरी बसमध्ये शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून बसलो.

२४ फेब्रु.
लिंबाजी आला. माजी सरपंच, माझा लंगोटीयार. पारावर आधी बोलणं झालेलं दिसलं.

"मारत्या, गाव म्हणतंय बेलभंडार उचल. माळेगावला जाऊ, खंडोबापुढं हातात घे अन् म्हण, मी लिहिलं न्हाई. झालं. अख्खं गाव तुझ्या मागं उभं करतो."

आमच्याकडं हेच शेवटचं कोर्ट. बेल अन् भंडारा हातात घेऊन खोटं बोलायला कुणी धजत नाही. आणि जो उचलत नाही, त्यानं केलेलंच असतं.

"न्हाई उचलत," म्हणलं.
"म्हंजी तूच लिहिलंस?"
"तसं म्हणलो न्हाई."
"मग उचलायला काय होतंय रे तुला?"

काय सांगू ह्याला. उचलू शकतो मी. खराखुरा, डोळे मिटून. पण मी लिहिलं नाही म्हणलं की पुढचा प्रश्न तयारच आहे. मीच तर सांगून बसलोय, असं अक्षर एकाच घरात निघतं.

लिंबाजी चपला घालता घालता : "तुझी घटना तुझ्यापाशी ठेव. देवापुढं बी गप बसतो म्हंजी हद्द झाली."

चहा तसाच राहिला.

२७ फेब्रु.
दळण टाकायला गेलो तर गिरणीवाल्यानं रामराम घातला नाही. जी पोरगी गेली तिच्या आईला मात्र काय वाटलं कोण जाणे, एक वाटी लोणचं घेऊन आली, ठेवलं अन् गेली. वाटी तशीच फळीवर ठेवली. ज्याचे उपकार तिला फेडायचेत तो मी नाही.

१ मार्च
ही कधी शाळेत गेली नाही, सही पण मी शिकवली. आज भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. पण त्या दिवशी भित पाह्यली की वळखलं. आपल्या लेकीचं हाय."

मी गप्प.

"माझ्याशी बी घटना लावता का?"

मग सांगितलं. पुष्कळ वेळ मेथीची पानं खुडत राहिली. "बरं केलं तिनं," म्हणाली. थोड्या वेळानं, "पण दोन लेकरं हायत तिला." परत थोड्या वेळानं, "तुम्हीच शिकवलंत."

बाईमाणसानं शिडीवर चढून भिंती रंगवायच्या का, म्हणून भावकीनं मला तोंड भरून नावं ठेवली होती. मी ऐकलं नाही. पोरीचा हात बघून कसं ऐकणार?

६ मार्च
नांदेड. वकिलांनी कागद वाचून दाखवले. साक्षीदारांचे जबाब. तिसरा जबाब लातूरचा.

'भिंतीवरील अक्षर माझ्या वडिलांचे आहे. मी त्यांचे अक्षर लहानपणापासून ओळखते.'

वकिलांनी चष्मा काढला. "काका, पाणी घ्या." ग्लास बाजूला सारला. म्हणलं, परत वाचा. वाचलं. तेवढंच होतं.

घरी हिला सांगितलं नाही. इथं लिहूनही…

९ मार्च
अहमदपूरमार्गे लातूरला गेलो. ती शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. मधल्या सुट्टीत बाहेर आली. आधी इकडंतिकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाबा, इथं कशाला आलात? कुणी बघितलं तर?"
"लेकीला भेटायला बाप येतो. बघू दे."

तिनंच सुरू केलं. "हेडमास्तरच्या खोलीत बसवलं मला. संस्थेचे अध्यक्ष पण होते, साहेबांचाच माणूस. फोटो पुढं टाकला, म्हणाले कुणाचं अक्षर. मी गप्प बसले असते तर माझ्याकडंच बघितलं असतं ना त्यांनी?"

"हक्क होता तुला गप्प बसायचा."
"हक्क!" हसली. माझ्यासारखीच हसते, एका बाजूनं. "अकरा वर्षं झाली बाबा, अजून कायम केलं नाही मला. ते हक्काचं तुम्ही भिंतीवर लिहा."

नंतर रडली. म्हणाली, "मला वाटलं, तुमचं वय झालंय, तुम्हाला काय करणारेत. जामीन होईल." मग, "येऊन सांगू का मी? खरं सांगू?"

"नको," म्हणलं.

तिनं एकदाही 'का' विचारलं नाही. ताठ धरलेले खांदे खाली आले तिचे, मी बघितलं. घंटा झाली, आत गेली.

रागवायचं ठरवून गेलो होतो. परत येताना अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा राग आला, कुणाचा ते कळलं नाही. तिथली भजी खाल्ली, तिखट होती, बरं वाटलं.

१९ मार्च
कोर्टाचा हुकूम. अक्षराचा नमुना द्यायचा. दंडाधिकाऱ्यांसमोर, ब्रशनं, फळीवर.

म्हणलं, "वीस-तीन?"
शेख वकील : "ते जिभेला आहे, काका. हाताला नाही. वरच्या कोर्टानं कधीच ठरवून टाकलंय. अक्षर, अंगठा, सही ही साक्ष धरत नाहीत."

माझा हात साक्ष देत नाही म्हणे. जन्मभर दुसरं काय केलं त्यानं? जिभेवर कुणी कधी विश्वास ठेवला नाही माझ्या, लोक हात बघूनच काम द्यायचे.

वकील जिना उतरताना हळूच म्हणाले, "ह्या वयात हात थरथरतोच. थरथरला तर कुणी दोष देणार नाही." समजलं मला. वेडंवाकडं लिही, जुळणार नाही, सुटशील.

आणि जुळलं नाही तर शोध परत सुरू होणार. एकाच घरात.

२३ मार्च
उद्या नमुना. ठरवलं. चांगलंच लिहायचं. तिच्यासारखं नाही, माझ्यासारखं. ते एकच आहे. जुळलं की मिटलं. जीभ गप्प ठेवून हातानं कबूल व्हायचं, ह्याला तरी कुठल्या कलमाची आडकाठी नसेल.

दिवसभर अंगणात पाट्यावर पाण्यानं अक्षरं काढत बसलो. ही म्हणाली, "परीक्षा हाय का?" हाव, म्हणलं.

२४ मार्च
नमुना दिला.

स्वतःचा ब्रश नेला होता, तो बाहेरच ठेवायला लावला. दुकानातून आणलेला दिला, केस गळणारा. म्हणलं, ह्यानं दारालासुद्धा रंग लावू नये. संभाजीनगरहून आलेल्या तज्ज्ञ बाई हसल्या. त्यांनी ब्रश बदलून दिला. बाई जाणकार.

तेच वाक्य दहा वेळा. पहिल्या तीनदा हात जड. चौथ्यापासून लागला. आठव्याला वाटलं, मी पंचविशीचा आहे. सगळे पुढं सरकून बघायला लागले. जमादारसुद्धा. दहावं झाल्यावर ब्रश ठेवला आणि मलाच बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी असं लिहिलं असेल.

बाईंनी भिंतीचा मोठा फोटो शेजारी धरला. भिंग लावून बघत राहिल्या. इन्स्पेक्टर म्हणाले, "जुळतंय ना मॅडम?"

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मला म्हणाल्या, "बाबा, खरं सांगू? राग मानू नका. भिंतीवरचं जास्त चांगलं आहे."

मी बघितलं. बाजूबाजूला असं पहिल्यांदाच. खरं होतं. माझी रेघ मध्ये श्वास घेते, तिची घेत नाही. शिडीवर उभं राहून, घाईघाईत, चोरून. तरी.

एक क्षण, देवाशपथ, मला आनंदच झाला. तोंडावर दिसला असेल तो. कारण बाईंनी लगेच विचारलं, "तुम्ही कुणाला शिकवलं होतं का?"

२६ मार्च
लातूरला फोन केला. उचलला नाही.

२ एप्रिल
बाईंचा अहवाल आला. भिंतीवरील अक्षर नमुना देणाऱ्याचे नाही, परंतु त्याच्याच हाताखाली शिकलेल्या व्यक्तीचे असण्याची शक्यता. नऊ दिवसांत आला. अहवाल असेही येतात तर.

३ एप्रिल
माझं नाव आरोपींतून काढलं.

लिंबाजी पेढे घेऊन आला. "मारत्या, मला वाटलंच होतं तू नसणार!" पेढा तोंडात कोंबला. गिरणीवाल्यानं रस्त्यात हात जोडले. भाऊसाहेबांचा फ्लेक्स उतरवलाय, लिहिणारा मी नाही म्हणल्यावर मी त्यांच्या काय कामाचा.

संध्याकाळी दुसरी नोटीस आली. सोमवारी अकराला हजर राहायचं, दंडाधिकाऱ्यांसमोर, शपथेवर. साक्षीदार म्हणून.

४ एप्रिल
नांदेडला पळालो.

"आता तुम्ही आरोपी नाही, काका. साक्षीदार आहात. साक्षीदारानं विचारलेलं सांगावं लागतं."
"अन् वीस-तीन?"
"ते आरोपीसाठी. साक्षीदाराला स्वतःला अडकवणारं तेवढं टाळता येतं, बाकी सगळं सांगायचं. ते एकच विचारणार, कुणाला शिकवलं."
"पोरीबद्दल असलं तर?"

वकिलांनी तेव्हा वर बघितलं. पहिल्यांदाच कळलं असेल त्यांना. पंख्याकडं बघत म्हणाले, "कायद्यात, काका, पोरगी म्हणजे स्वतः नसते."

आरोपी होतो तोवर घटना माझ्या बाजूनं होती. निर्दोष ठरलो आणि ती उठून गेली. शपथेवर खोटं बोललो तर मी गुन्हेगार. गप्प बसलो तरी गुन्हेगार. खरं बोललो तर सज्जन नागरिक, लातूरच्या फाटकातून पोरीला गाडीत बसवताना बघणारा.

गल्लीत विचारलं तरी सांगतील कुणाला शिकवलं. ह्यांना माझ्याच तोंडून पाहिजे.

५ एप्रिल, रविवार
ही सकाळपासून बोलली नाही. दुपारी पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला. तिथंच उभी राहून म्हणाली, "दहा डाव लिहिलंत. अजून चांगलं लिहायचं व्हतं ना."

"लिहिलं तेवढंच येतं मला," म्हणलं.

चारला लातूरहून फोन. मी उचलला. पलीकडं नुसता श्वास. लेकरांचा गलका मागं. मग तिनं विचारलं, "बाबा, उद्या काय सांगणार?"

"सकाळी नऊची गाडी आहे," म्हणलं.